प्रगतिपुस्तक वाचता येतं का तुम्हांला?

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की कितीतरी खासगी शाळांच्या फाटकावर मोठा फलक झळकतो. ‘आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के!’ खाली पहिल्या पाच-दहा जणांचे फोटो आणि त्यांचे गुण. आनंदाचीच गोष्ट आहे. पण तोच फलक वाचून नववी-दहावीतल्या एखाद्याच्या पोटात गोळा येतो. ‘माझ्यामुळे शाळेचा शंभर टक्के हुकला तर?’ म्हणूनच आज आपण निकालाचे आकडे नीट वाचायला शिकू या. आकडा कळला की त्याची भीती निम्मी होते!

आधी तो फलकावरचा आकडा घेऊ. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, एवढंच तो सांगतो. समजा, एका शाळेत नववीचा पट होता ६०. त्यातल्या ८ जणांना नववीतच थांबवलं. दोघांना ‘१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा’ असं सुचवलं. दहावीला बसले ५० आणि पन्नासच्या पन्नास पास. झाला की निकाल शंभर टक्के! पण ती १० मुलं कुठे गेली? ती फलकावर दिसत नाहीत. सगळ्याच शाळा असं करतात असं मुळीच नाही. कच्च्या मुलांसाठी सकाळी सातला जादा तास घेणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. पण शाळा निवडताना पालकांनी ‘निकाल किती?’ याबरोबर ‘नववीला किती होते आणि दहावीला किती बसले?’ हेही विचारायला हवं.

आता तुमची स्वतःची टक्केवारी. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला बहुतेक विषयांत १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे असतात आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. हे २० गुण शाळेकडून जातात. म्हणजे वर्षभर वेळेवर दिलेल्या वह्या फुकट जात नाहीत बरं का! आणखी एक गंमत. समजा, एका मुलीला सहा विषयांत ७२, ६५, ८१, ५८, ७७ आणि ७० गुण आहेत. बेरीज ४२३, म्हणजे ६०० पैकी ७०.५ टक्के. पण २०१० पासून दहावीला सर्वांत चांगल्या पाच विषयांवरून टक्केवारी धरतात. ५८ वगळले की ५०० पैकी ३६५, म्हणजे ७३ टक्के. मुलगी तीच, पेपर तेच, टक्केवारी मात्र दोन! मग ७३ टक्केवाली शहाणी आणि ७०.५ टक्केवाली कमी शहाणी, असं म्हणता येईल का? सांगा बघू!

पूर्वी तर ‘बोर्डात येणं’ हा मोठा मान होता. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत. एका-एका गुणासाठी जीवघेणी चढाओढ होऊ लागली आणि पुढे मंडळाने ती यादी जाहीर करणंच बंद केलं.

गुणपत्रिका मिळते तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. तिच्याआधी वर्षभर तुमच्याशी बोलत असतं ते प्रगतिपुस्तक. आपण मात्र ते घाईघाईने बंद करतो, दप्तराच्या तळाशी ढकलतो आणि सहीसाठी आजोबांना गाठतो! ते वाचायचं कसं? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, गुण उभे वाचू नका, आडवे वाचा. घटक चाचणीपासून सत्र परीक्षेपर्यंत एकाच विषयाची वाट बघा. पण आधी टक्के काढा. चाचणीत २० पैकी १३ आणि सत्र परीक्षेत ८० पैकी ४८ पडले तर ४८ हा आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्षात ६५ वरून तुम्ही ६० टक्क्यांवर घसरलेले असता.

दुसरी, शेऱ्यावर थांबू नका. ‘अधिक मेहनत आवश्यक’ हे खरं, पण मेहनत नेमकी कुठे करायची? बाईंना किंवा सरांना तेवढंच विचारा. तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे खूण करा. ‘येत नव्हतं’, ‘येत होतं पण चुकलं’ आणि ‘वेळ पुरला नाही’. या तीन दुखण्यांवर औषधं वेगवेगळी. पहिल्याला अभ्यास, दुसऱ्याला उत्तर पुन्हा तपासायची सवय, तिसऱ्याला घड्याळ लावून लिहायचा सराव.

तिसरी, हजेरीचा रकाना बघा. दिवाळीनंतर गणित घसरलं आणि त्याच महिन्यात तुम्ही आजारपणामुळे दहा दिवस घरी होतात, तर तुम्ही ‘ढ’ झालेला नाहीत. तुमचा एक धडा बुडालाय, एवढंच!

‘दहावी महत्त्वाची, नववीला कोण विचारतं?’ असं म्हणणाऱ्यांना २०२१ साल आठवा. करोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. मग निकाल लावायचा कशावरून? १०० पैकी ५० गुण धरले नववीच्या अंतिम निकालावरून, ३० दहावीतल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकासारख्या कामावरून. कपाटात पडलेलं नववीचं प्रगतिपुस्तक अर्ध्या निकालाचं मालक झालं! राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के.

आणि एवढं करूनही मार्चमध्ये एखादा विषय राहिला तर? तर जग बुडत नाही. पूर्वी नापास झालेल्यांना ‘ऑक्टोबरची वारी’ करावी लागायची आणि वर्ष जायचं. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्येच घ्यायला सुरुवात झाली, ती वर्ष वाया जाऊ नये म्हणून. गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनही. मुदत थोडी असते, तेव्हा रडत बसू नका, शाळेत जाऊन विचारा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. प्रगतिपुस्तक हातात आलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘शेजारच्या अमक्याला किती?’ त्याऐवजी ‘गेल्या वेळी तुला किती होते, आणि काय बदललं?’ असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला मुलं मान खाली घालतात, दुसऱ्याला उत्तर देतात. खोटी सही करणारं मूल बहुधा गुणांना घाबरलेलं नसतं. ते घरी जे बोललं जाणार आहे, त्याला घाबरलेलं असतं. पास होणाऱ्याइतकंच नापास होणारं मूलही आपलंच असतं ना? हे त्याला निकालाच्या आधीच कळू द्या.

तर दोस्तांनो, या रविवारी एक करा. आलेख कागद घ्या. खाली परीक्षांची नावं लिहा, उभ्या रेघेवर टक्के मांडा आणि प्रत्येक विषयाची एक रेघ काढा. जी रेघ खाली वाकलीय तिच्यापासून सोमवारी सुरुवात करायची. आणि जी हळूहळू वर चढतेय, ती आईला आवर्जून दाखवायची. कबूल?