निसर्गाची बिनपगारी चाकरी आणि राष्ट्राराष्ट्रांतील करार

शेताच्या हिशेबाच्या वहींत बियाणें, खत, मजुरी, पाणीपट्टी, औत किंवा ट्रॅक्टर यांचीं खातीं असतात. परंतु ज्यांस कोणीही मजुरी देत नाहीं अशा कित्येक चाकरांचें नांव त्या वहींत सांपडावयाचें नाहीं. फुलाफुलांवर हिंडणारी मधमाशी, पालापाचोळ्याचें खत करणारें गांडूळ, किडी वेंचून खाणारी साळुंकी, पावसाचें पाणी मुरवून विहिरीस पुरविणारें डोंगरावरील रान, हे ते चाकर होत. त्यांची चाकरी चालू असते तोंपर्यंत आपणांस तिची किंमत कळत नाहीं. ती बंद पडली म्हणजे मात्र कळते.

याचें ठळक उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडलें आहे. पुष्कळ वाचकांस आठवत असेल कीं, पूर्वीं जनावर मेलें म्हणजे तें गांवाबाहेर टाकीत, व थोड्याच वेळांत गिधाडें तें फस्त करून हाडें तेवढीं मागें ठेवीत. या कामाबद्दल गांवास एक पैही द्यावी लागत नसे. पुढें हीं गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेंकडा ९९ हून अधिक घटली. २००४ सालीं याचें कारण उघड झालें. जनावरांच्या दुखण्यावर व सुजेवर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसावाटे गिधाडाच्या पोटांत गेलें म्हणजे त्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात, असें आढळून आलें. २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांच्या उपयोगासाठीं हें औषध तयार करण्यास बंदी केली. गिधाडांस निर्धोक असें मेलॉक्सिकॅम हें औषध त्याऐवजीं उपलब्ध होतें. परंतु तोंपर्यंत उशीर झाला होता. मेलेलीं ढोरें जागच्या जागीं कुजूं लागलीं आणि भटकीं कुत्रीं वाढलीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासांत असा अंदाज काढला आहे कीं, गिधाडांच्या अभावीं २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मृत्युमुखीं पडलीं.

निसर्गाच्या अशा चाकरीस शास्त्रज्ञ 'परिसंस्था-सेवा' असें नांव देतात. एकाद्या जागेंतील माती, पाणी, वनस्पती, प्राणी व सूक्ष्म जंतु यांचा जो परस्परांशीं बांधलेला संसार, ती परिसंस्था. आणि त्या संसारापासून मनुष्यास जो लाभ होतो ती सेवा. संयुक्त राष्ट्रांच्या प्रेरणेनें २००१ ते २००५ या काळांत तेराशेंहून अधिक तज्ज्ञांनीं सर्व जगांतील परिसंस्थांची पाहणी केली. त्यांनीं या सेवांचे चार वर्ग पाडले. धान्य, लांकूड, मासे, पाणी हे पुरवठ्याचे लाभ. पूर अडविणें, रोगराई व किडींस आळा घालणें, परागवहन करणें हे नियमनाचे लाभ. देवराई, तीर्थक्षेत्रें, मनाचा विसावा हे सांस्कृतिक लाभ. आणि माती घडणें, अन्नद्रव्यें पुनः पुनः फिरणें या सर्वांच्या मुळाशीं असणाऱ्या आधारसेवा. त्यांनीं तपासलेल्या २४ सेवांपैकीं १५ सेवांचा ऱ्हास चालू असल्याचें दिसून आलें.

आतां राष्ट्राराष्ट्रांच्या धोरणांत या कल्पनेस कोणतें स्थान मिळालें तें पाहूं. जैवविविधतेचा करार १९९२ सालीं ब्राझील देशांतील रिओ दी जानेरो येथें सह्यांसाठीं खुला झाला व १९९३ च्या डिसेंबरांत अमलांत आला. भारत त्यांत १९९४ सालीं सामील झाला. जीवमात्रास मनुष्याच्या उपयोगाव्यतिरिक्त स्वतःचें असें मूल्य आहे, हें त्या कराराच्या आरंभींच मान्य केलेलें आहे. परंतु केवळ एवढ्यावर राज्यकारभाराचीं चक्रें फिरत नाहींत. अभयारण्यें राखणें हें वनखात्याचें काम, असें समजून अर्थखातें व शेतकीखातें दूर राहत असे. निसर्ग सेवा करतो व ती बुडाल्यास राष्ट्राचें नुकसान होतें, हा विचार पुढें आल्यावर मात्र अभयारण्याच्या कुंपणापाशीं थांबणारें धोरण शेताच्या बांधापर्यंत येऊन पोंचलें. २०१० सालीं जपानांतील नागोया येथें ठरलेल्या २० उद्दिष्टांत पाणी, आरोग्य व उपजीविका यांस आधार देणाऱ्या परिसंस्था राखण्याचें एक स्वतंत्र उद्दिष्ट होतें. दहा वर्षांनीं हिशेब घेतला तेव्हां त्या वीसांपैकीं एकही उद्दिष्ट पूर्णपणें साधलें नव्हतें. त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरांत कॅनडांतील माँट्रियल येथें २०३० सालापर्यंतचीं २३ नवीं उद्दिष्टें ठरलीं. त्यांतील अकरावें उद्दिष्ट जमिनीचें आरोग्य, पाणी, हवा व परागवहन या देणग्या राखण्याविषयीं आहे, आणि सातवें कीटकनाशकांपासून होणारा एकंदर धोका निम्म्यानें तरी कमी करण्याविषयीं आहे.

शेतकऱ्यास यांतील सर्वांत जवळची गोष्ट परागवहनाची होय. या विषयाकडे करारांतील राष्ट्रांचें लक्ष लौकरच वेधलें होतें. २००० सालीं नैरोबी येथील बैठकींत परागवाहक प्राण्यांच्या रक्षणार्थ एक आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पुढें राष्ट्रांनीं २०१२ सालीं स्थापिलेल्या शास्त्रीय मंडळानें २०१६ सालीं या विषयावर आपला अहवाल दिला. जगांतील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकीं तीनचतुर्थांशांहून अधिक पिकें थोड्याफार प्रमाणांत परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, असें त्यांत म्हटलें आहे. तथापि एकंदर उत्पादनाच्या वजनापैकीं शेंकडा ५ ते ८ एवढाच भाग प्रत्यक्ष त्यांच्यामुळें मिळतो. त्याची वार्षिक किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरली आहे. या दोन आंकड्यांत विरोध नाहीं. भात व गहूं हीं बहुतांशीं आपल्याच परागानें धरतात, बाजरी व मका यांचे पराग वारा वाहून नेतो, आणि जगाच्या धान्याचा मोठा भार अशा पिकांवर आहे. परंतु फळें, भाजीपाला, तेलबिया व बियाणें यांची गोष्ट निराळी आहे. भोपळ्याचीं व कारल्याचीं नर-फुलें वेगळीं व मादी-फुलें वेगळीं. माशी न फिरल्यास फळ धरत नाहीं. कांद्याच्या फुलांत पराग आधीं झडतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून बियाण्यासाठीं लावलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांवर मधमाश्या न आल्यास बीं भरत नाहीं. सातेरी, फुलोरी व आग्या या आपल्या माश्या हें काम करतात. त्याच डेंगळ्यांवर भर फुलोऱ्यांत भर दुपारीं विषारी फवारा मारणें म्हणजे बीं भरण्याच्या वेळीं आपलेच मजूर हांकून देणें होय. युरोपीय संघानें इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर २०१८ सालीं बंद केला, तो मधमाश्यांच्या रक्षणासाठींच.

या विचारास विरोधी मतही आहे, आणि तें आम्हांस विचारार्ह वाटतें. १९९७ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं सर्व जगांतील परिसंस्थांच्या सेवेची वार्षिक किंमत सरासरी ३३ हजार अब्ज डॉलर काढली. त्यावर टीकाकारांनीं विचारलें कीं, ज्यावांचून मनुष्य जगूंच शकत नाहीं त्याची किंमत रुपये-आण्यांत कशी करावी? शिवाय, किंमत हेंच रक्षणाचें कारण मानलें, तर ज्या प्राण्याची किंमत निघत नाहीं तो मेला तरी चालेल, असा अर्थ होईल. एकादें काम यंत्रानें स्वस्तांत होऊं लागल्यास रानाचीही गरज उरणार नाहीं. या आक्षेपांमुळें उपर्युक्त मंडळानें पुढें 'सेवा' या शब्दाऐवजीं 'निसर्गाच्या मनुष्यास मिळणाऱ्या देणग्या' ही व्यापक भाषा स्वीकारली, व माँट्रियलच्या ठरावांत दोन्ही शब्द आले. आमचें मत असें कीं, किंमत ही तराजूसारखी आहे. तिनें तोलावें, परंतु तराजूंत मावत नाहीं तें निरुपयोगी, असें मात्र मानूं नये. गाईची किंमत बाजारांत होते, म्हणून ती केवळ किंमतीसाठींच कोणी पाळीत नाहीं.

खरा प्रश्न याहून व्यवहाराचा आहे. बांधावरचें झाड राखावयाचें कोणी, व लाभ कोणास? एका शेतकऱ्यानें करंज, बाभूळ, निंब यांच्यासाठीं दोन हात जागा सोडली, तर त्या जागेचें पीक त्याचें बुडतें. माशी मात्र शेजाऱ्याच्याही शेतांत जाते. त्याग एकाचा व लाभ अनेकांचा, असें असेल तर त्याग फार दिवस टिकत नाहीं. कोस्टा रिका या देशानें यावर १९९६ सालीं कायद्यानें एक तोड काढली. जो जमीनधारक आपलें रान राखील, त्यास कर्बवायु शोषणें, पाणी, जीवसृष्टि व सृष्टिसौंदर्य या चार सेवांबद्दल मोबदला द्यावयाचा, आणि त्यासाठीं इंधनावरील कराचा कांहीं भाग लावावयाचा. हीच व्यवस्था आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो राखतो त्याच्या पदरांत कांहीं पडलें पाहिजे, हें तिच्यामागील तत्त्व न्याय्य आहे. राष्ट्रांनीं दूर देशीं सह्या करावयाच्या व भार शेतकऱ्यानें एकट्यानें वाहावयाचा, हें मात्र न्याय्य नव्हे.

हें मागणें मागण्यास आपल्यापाशीं एक साधन आहे. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें जैवविविधता व्यवस्थापन समिति नेमावयाची असते, व त्या समितीनें गांवांतील वनस्पती, प्राणी, वाणें व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंदवही तयार करावयाची असते. ही वही कचेरींत बसून भरली गेली तर ती कागदच राहील. कोणत्या ओढ्याकाठीं आग्या माशीचीं पोळीं बसतात, कोणत्या वडावर घारी-घुबडें राहतात, कोणतें जुनें वाण कोणाच्या घरीं आहे, हें शेतकऱ्यावांचून कोण सांगणार? आमच्या सभासदांनीं आपल्या ग्रामपंचायतींत ही समिति आहे कीं नाहीं याची चौकशी करावी व नोंदींत स्वतः भाग घ्यावा. ज्या ठेव्याची नोंदच नाहीं, त्याच्या राखणीचा मोबदला कोणी देणार नाहीं.

तोंवर आपल्या हातांत आहे तें तरी करावें. पीक फुलावर असतांना फवारणी टाळावी. टाळतां येत नसेल तर सायंकाळीं माश्या पोळ्याकडे परतल्यावर करावी. मधासाठीं पोळें जाळूं नये. बांधावरचीं फुलझाडें सरसकट तोडूं नयेत. जनावरांच्या औषधोपचारांत डायक्लोफिनॅकचा आग्रह कोणी धरल्यास त्यास नकार द्यावा. गिधाडांची चाकरी गेली तेव्हां ती परत आणणें किती दुर्घट, हें आपण पाहिलें. मधमाशीची चाकरी अद्याप चालू आहे.