मागच्या बाकाचे हादरे आणि गाडीचे शॉकअप

आठवडी बाजार असो, तालुक्याची बँक असो, दवाखाना असो की लग्नकार्य, जीपमध्ये आपल्या वाट्याला बहुतेक वेळा मागचा बाक येतो. बोलेरोसारख्या गाडीत हे बाक समोरासमोर असतात आणि मागच्या चाकांच्या जवळच येतात. खड्डा आला की पुढे बसलेल्याला हिसका बसतो, आपलं डोकं मात्र टपाला लागतं. ‘रस्ताच तसला’ म्हणत आपण कंबर चोळत उतरतो. पण दर वेळी दोष एकट्या रस्त्याचा नसतो. पुष्कळदा गाडीचे मागचे शॉकअप गेलेले असतात. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला ते उशिरा कळतं, आपल्याला आधी. म्हणून हा विषय आज आपण आपल्याच कार्यक्रमात घेतला आहे.

काही गटांकडे आता दुधाची, भाजीची स्वतःची गाडी आहे. काही घरांत वडापची गाडी आहे. रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई हीच गाडी नेते. तेव्हा तिची ही बाजू आपल्याला माहीत असलेली बरी.

पाटे वेगळे, शॉकअप वेगळे

बोलेरोच्या मागच्या बाजूला गाडीचं ओझं कमानपाटे उचलतात. खड्ड्यात चाक गेलं की पाटे दबतात आणि परत उसळतात. पाळण्याला एकदा झोका दिला की तो आपोआप लगेच थांबत नाही, हात लावून थांबवावा लागतो. पाट्यांचंही तसंच. त्यांची उसळी थांबवणारा हात म्हणजे शॉकअप.

शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि त्यात बारीक भोकांचा दट्ट्या वर-खाली होतो. इंजेक्शनच्या सिरिंजमधून दाट तेल ढकलून पाहा, जोर लागतो. तसंच इथे तेल भोकांतून सावकाश जातं, म्हणून गाडीची उसळी जिरते. त्या जोराची उष्णता होते आणि खराब रस्त्यावर चालल्यावर शॉकअपची नळी गरम लागते. काही शॉकअपमध्ये तेलाबरोबर नायट्रोजन वायूही भरलेला असतो. त्यामुळे सततच्या हादऱ्यांनी तेलाला फेस येत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गाडी मागून बसली असेल, म्हणजे रिकामी असतानाही खाली झुकलेली दिसत असेल, तर दुखणं पाट्यांचं आहे. नवे शॉकअप घालून ती वर येणार नाही. ‘हेवी ड्युटी शॉकअप टाका, मग चार पोती जास्त भरा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओझं वाहण्याची ताकद शॉकअपने वाढत नाही.

गेलेत हे कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून मागच्या चाकामागे वाकून पाहा. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा चिकट थर असेल तर आतलं सील गेलं आहे. दोन्ही टोकांच्या रबरी बुशांना भेगा पडल्या असतील तर खड्ड्यात ‘खट्‌खट्’ आवाज येतो. टायरवरून हात फिरवा. एका ठिकाणी जास्त, एका ठिकाणी कमी अशी लाटेसारखी झीज लागली तरी शंका घ्यावी.

दोघींनी मिळून गाडीचा मागचा कोपरा दोन-तीनदा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप कमजोर. मात्र रिकाम्या गाडीचे पाटे कडक असतात, ती फारशी दबत नाही. म्हणून एवढ्या एकाच चाचणीवर विसंबू नका.

चालत्या गाडीत खुणा जास्त स्पष्ट दिसतात. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा उसळते, वळणावर मागची बाजू झुलते, खडीच्या रस्त्यावर मागचं चाक नाचत बाजूला सरकतं. इथे प्रश्न कंबरेच्या दुखण्यापुरता राहत नाही. चाक जमीन सोडून नाचत असेल तर ब्रेक नीट पकडत नाही. घाटात, पावसात, भरलेल्या गाडीत याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

शोरूमचे की बाजारातले?

बाजारात मिळणारे सगळेच दुसऱ्या कंपनीचे शॉकअप डुप्लिकेट नसतात. काही कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही माल देतात आणि दुकानांतही विकतात. चाकणला कारखाना असलेली, १९६१ साली सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया हे त्याचं एक उदाहरण. म्हणून ‘बाहेरचा माल’ म्हणून घाबरायचं नाही, पण तपासल्याशिवाय घ्यायचाही नाही.

दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून न्या. जमलं तर जुना शॉकअप सोबत न्या. बुशाचं भोक, पूर्ण ताणल्यावरची लांबी आणि पूर्ण दाबल्यावरची लांबी जुन्याशी जुळली पाहिजे. शॉकअप जास्त लांब असेल तर मोठ्या खड्ड्यात पाटे दबायच्या आत तोच तळाला आपटतो आणि फुटतो. आखूड असेल तर चाक खाली जाताना तो ताणला जातो आणि त्याची टोकं उखडतात.

फार कडक शॉकअपचा मोह नको. रिकाम्या गाडीत त्यानेच जास्त हादरे बसतात. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, पार्ट नंबर, महिना-वर्ष आणि छापील किंमत पाहा. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मागता येत नाही. गाडी स्वतःच वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा. आणि एकच शॉकअप गेलेला असला तरी मागची जोडी बदला. एक नवा, एक जुना असला की गाडी एका अंगाला ओढल्यासारखी चालते.

बसवताना समोर उभं राहा

काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण आपण तिथे थांबा. जागा सपाट हवी आणि पुढच्या चाकांना दगड किंवा अटकाव हवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मजबूत स्टँड लावलेच पाहिजेत. एका वेळी एकच बाजू उघडावी. स्कॉर्पिओसारख्या गाडीला मागे पाट्यांऐवजी स्प्रिंग असतात. तिथे शॉकअप सोडला की एक्सल खाली पडू शकतो, म्हणून त्याला जॅकचा आधार द्यावा लागतो.

नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीत धरू देऊ नका. त्यावर ओरखडा उठला की सील लवकर कापतं. रबरी बुशांना डिझेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगून सडतं. सर्वांत महत्त्वाचं, बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि थोड्याच दिवसांत फाटतो.

जुने शॉकअप घरी नेऊन कापू नका, विस्तवात टाकू नका. वायू भरलेला असेल तर ते फुटतात. तेल मातीत किंवा ओढ्यात सांडू नये. ते भंगारवाल्याकडेच जाऊ द्या.

बसवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासून घ्या. शॉकअप किती किलोमीटरला बदलावेत, याचा एकच आकडा सांगता येत नाही. ते रस्त्यावर आणि ओझ्यावर ठरतं. म्हणून वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा, मालाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहा. समजा, सगळा खर्च ५,००० रुपये आला आणि जोडी ५०,००० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला १० पैसे पडले. पुढच्या वेळी स्वस्त घ्यावं की महाग, हे ही वहीच सांगेल.

पुढच्या बैठकीला ज्या गाडीने याल, तिच्या मागच्या चाकामागे एकदा वाकून पाहा. ओघळ दिसला तर ड्रायव्हरदादांना तिथेच दाखवा. मागच्या बाकावर आपण बसतो, आपली पोरं बसतात. तेव्हा विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.