बारा महिने, बारा ऐकणी : मराठी कानांसाठी एक यादी



मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एका काकूंनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "तुमचं संगीताच्या इतिहासाचं छान आहे, पण माझा नातू विचारतो, आजी, आधी काय ऐकू? त्याला काय सांगू? दहा नावं लिहून द्या ना." आम्ही म्हटलं, देतो, त्यात काय एवढं! आणि घरी येऊन यादी करायला बसलो.

पहिली यादी पंधरा मिनिटांत झाली. मग ती पुन्हा वाचली तेव्हा जरा ओशाळलो. दहापैकी बहुतेक सगळं पुण्यात किंवा मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं. सगळं बैठकीतलं, रंगमंचावरचं किंवा आकाशवाणीवरचं. इथे मनीषनगरात बसून यादी करतोय, आणि तिच्यात चंद्रपूर-गडचिरोली नाही, दीक्षाभूमी नाही, जात्यावर बसलेली बाई नाही. असं का झालं, ते आधी सांगतो. मग सुधारलेली यादी देतो.

यादी कोण ठरवतं?

जगातली सगळ्यात प्रसिद्ध यादी आठवा. १९७७ साली व्हॉयेजर यानं अवकाशात गेली, त्यांच्यावर सोनेरी तबकडी होती. पृथ्वीवरचं संगीत म्हणून कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तावीस तुकडे निवडले, सगळे मिळून साधारण नव्वद मिनिटांचे. बाख आहे, बीथोव्हेन आहे, चक बेरी आहे. भारतातून एकच गाणं : केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आता सौरमंडळाच्या कडेपलीकडे गाताहेत. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण हेही लक्षात घ्या, की तबकडीवर जागा नव्वद मिनिटांचीच होती. जागा किती, यावर निवड ठरली.

आपल्याकडे हेच शंभराहून अधिक वर्षं होत आलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. म्हणजे तीन मिनिटांत ज्याचं गाणं बसतं, तो उरला. रात्रभर चालणारी दंडार त्या तबकडीत कशी बसणार? सुरुवातीला तर भोंग्यात तोंड घालून गावं लागे. १९२५नंतर हळूहळू विजेचा मायक्रोफोन आला, तेव्हा हलक्या आवाजालाही जागा मिळाली. मग रेडिओ आला. स्टुडिओ ज्या शहरात, तिथला गायक घरोघरी पोचला. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ज्यांना मोठ्या कंपन्यांनी दार उघडलं नव्हतं, त्यांची गाणी रस्त्यावरच्या हातगाडीवर आली.

तेव्हा कुठलीही "ऐकलंच पाहिजे" अशी यादी हातात आली की एक प्रश्न विचारायचा : हे उरलं ते चांगलं होतं म्हणून, की यंत्रासमोर होतं म्हणून? बहुतेक वेळा उत्तर "दोन्ही" असं येतं. म्हणून आम्ही चांगलं काढून टाकलं नाही; जे बाहेर राहिलं होतं, त्याला शेजारी बसवलं. एका दिवसात उरकायचं नाही. महिन्याला एक, मराठी महिने धरून.

चैत्र : गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं. आपल्याला बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं माहीत असतं. मूळ प्रसारणात माणिक वर्मांसारखे अनेक गायक होते. सलग ऐकू नका. आठवड्याला एकच ऐका, जसं तेव्हा ऐकलं गेलं. पुढच्या गाण्याची वाट पाहणं हा त्या अनुभवाचाच भाग होता.

वैशाख : अब्दुल करीम खाँ. झिंझोटीतली ठुमरी, जेमतेम तीन मिनिटांची. लहानपणी गदगच्या एका दुकानात ही तबकडी ऐकून भीमसेन जोशींना ध्यास लागला आणि अकराव्या वर्षी त्यांनी गाण्यासाठी घर सोडलं. खरखरीकडे दुर्लक्ष करा. तीन मिनिटांत खाँसाहेब घाई कशी करत नाहीत, तेवढं पाहा.

ज्येष्ठ : कट्यार काळजात घुसली. १९६७चं नाटक. लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे पहिले धडे नागपुरात. पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आपण कार्यक्रमांना जातो, त्याला त्यांचंच नाव आहे. चित्रपट पाहिला असेल तरी वसंतरावांचा आवाज वेगळा ऐका.

आषाढ : संत तुकाराम. प्रभातचा १९३६चा चित्रपट. संगीत केशवराव भोळे, तुकाराम विष्णुपंत पागनीस. यातला एक "अभंग" शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला आणि तो इतका जमला, की लोक गाथेत शोधत बसले. कोणता, ते आम्ही सांगत नाही. घरात बसून ओळखा. वारीच्या दिवसांत बरा खेळ आहे.

श्रावण : जात्यावरच्या ओव्या. हे आमच्या पहिल्या यादीत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आवाजासह ऐकायला मिळतात. चाल साधी, तीच तीच वाटेल. वाटू द्या. जातं गोल फिरतं, चालही फिरते, बदलतो तो मजकूर : भाऊ, सासर, दळणाचा कंटाळा, बाबासाहेब, सीता. चालीकडून लक्ष काढून मजकुराकडे न्या, की ऐकू येईल.

भाद्रपद : बालगंधर्वांची 'स्वयंवर'मधली पदं. कृ. प्र. खाडिलकरांचं १९१६चं नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. रागदारी ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांच्या ओठांवर ती नाटकाच्या पदांतून आली. ज्येष्ठातल्या 'कट्यार'शी जोडून ऐका. मधे पन्नास वर्षं आहेत; गाणं किती बदललं आणि काय बदललं नाही, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आश्विन : भीमगीतं. १४ ऑक्टोबर १९५६ला आपल्या शहरात जे घडलं, त्याचा इतिहास पुस्तकांत यायच्या आधी गाण्यांत आला. वामनदादा कर्डक ऐका, प्रल्हाद शिंदे ऐका. कव्वालीचा ठेका, लोकगीताची चाल, आणि शब्द असे की शाळेत न गेलेल्यालाही पाठ व्हावेत. शक्य असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावरून पायी जा. पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांचीही दुकानं लागतात. इतक्या जवळ राहून हे आमच्या यादीत नव्हतं, याची आम्हाला जास्त खंत वाटली.

कार्तिक : तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्यांना ऐकलंय किती जणांनी? एक खंजिरी आणि एक आवाज. १९४२ साली याच भजनांनी विदर्भातली गावं पेटली आणि महाराजांना तुरुंगात जावं लागलं. भजन म्हणजे डोळे मिटून बसण्याची गोष्ट, हा समज इथे पुसला जातो.

मार्गशीर्ष : झाडीपट्टी. याची तबकडी नाही, जावंच लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा पट्टा. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गाणी समोर वाजतात, समोर गायली जातात. दंडार, खडी गंमत हे तिथले जुने प्रकार. शाल-स्वेटर घ्या, आणि मुलांना न्या. झोपली तर झोपू द्या, मधेच ढोलकीनं उठतात.

पौष : लावणी. सुलोचना चव्हाण आणि यमुनाबाई वाईकर, दोघी एकापाठोपाठ. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन गायच्या. सगळा ठसका गळ्यात. यमुनाबाईंची बैठकीची लावणी बसून, अदा करून. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. सिनेमातली लावणी आवडत असेल, छानच आहे. पण हिच्या मुळाशी काय आहे, ते इथे सापडेल.

माघ : विदर्भातले दोन कवी. पहिले मेहकरचे ना. घ. देशपांडे. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकात तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताला वाट सापडली. दुसरे सुरेश भट, अमरावतीचे, पुढे नागपूरचे. गझल कशी लिहायची, हे सांगणारी 'गझलेची बाराखडी' ते नव्या कवींना पाठवत असत. भीमराव पांचाळे गातात तेव्हा घाई करू नका. गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींत पूर्ण असतो. पहिल्या ओळीनंतर गायक थांबतो, तिथे तुम्ही मनात दुसरी ओळ रचून पाहा. मग त्यांची ऐका.

फाल्गुन : जोगवा. अजय-अतुल. यल्लम्माच्या जोगत्यांवरचा चित्रपट, संगीताला राष्ट्रीय पुरस्कार. नातवाला इथूनच सुरुवात करायची असेल तर करू द्या, यादी उलटी वाचली तरी चालते. त्यातली लोकवाद्यं ऐकून मागे मागे जात तो आपोआप श्रावणापर्यंत पोचेल.

हे राहिलंच की!

आता तुम्ही म्हणाल, किशोरीताई कुठे? कुमार गंधर्व? शाहीर अमर शेख? ज्यांचं गीत आज राज्यगीत आहे, ते नागपूरचे राजा बढे? खरंय. बारा महिन्यांत बाराच मावतात. आमची तबकडीसुद्धा नव्वद मिनिटांचीच. पुढच्या वर्षाची यादी तुम्ही करा, आम्ही ऐकायला येऊ.

एक गोष्ट सांगून थांबतो. यादी करताना आमच्यापैकी एकाला आठवलं : त्याच्या आजीला कितीतरी ओव्या पाठ होत्या. दिवाळीत सगळे गावी जमले की ती पहाटे पणत्यांच्या वाती वळताना गुणगुणायची. घरात सात-आठ मोबाइल होते. त्यांत फटाक्यांचे व्हिडिओ आहेत, जेवणाच्या ताटांचे फोटो आहेत. आजी गेली, आणि तिची एकही ओवी कुणाकडे नाही. तिच्या लेकींना चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. इथे दोष तबकडी कंपनीचा नाही आणि रेडिओचाही नाही. यंत्र आमच्या हातात होतं.

म्हणून तेरावं ऐकणं तुमच्या घरातलं. आई, आजी, कामाला येणाऱ्या मावशी, गावाकडचे भजनी काका, ज्यांना गाणं येतं त्यांच्याजवळ आधी बसा. त्यांची परवानगी विचारा. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा, आणि मधे बोलू नका. गाणं झालं की त्यांच्याच आवाजात चार गोष्टी नोंदवून घ्या : नाव, गाव, हे कुणाकडून शिकलात, आणि हे कधी म्हणतात, म्हणजे दळताना की लग्नात की रोवणीला. चाल तर कुणीही उचलतो. ती कुठल्या वेळेची, हे तिथेच विचारलं नाही तर नंतर कळत नाही.

काकू आज आल्या आहेत, मागे बसल्यात. काकू, नातवाला ही यादी द्या. पण त्याआधी त्याला तुमच्यासमोर बसवा आणि तुम्हाला येतं ते एक गाणं म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.