औषधाच्या चिठ्ठीत न मावणाऱ्या तीन ध्वनिमुद्रिका

परवा सायंकाळी दवाखान्यात एक सेवानिवृत्त गृहस्थ आले. खुर्चीत बसताच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कोणत्या विकारावर कोणता राग ऐकावा, याचा भला मोठा तक्ता त्यावर होता. "डॉक्टरसाहेब, रक्तदाबासाठी दिलेला राग महिनाभर रोज ऐकतोय. म्हटलं, आता गोळीला सुट्टी द्यावी," ते म्हणाले. मी दाब मोजला. १७६/१०४ भरला.

वाचकहो, या गृहस्थांवर रागावण्यात अर्थ नाही. गोळ्या कुणालाच आवडत नाहीत आणि गाणे बहुतेकांना आवडते. पण अमुक राग ऐकला की अमुक रोग बरा होतो, याला आधार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती संगीताने कमी होते, झोप न येणाऱ्या काहींना त्याचा उपयोग होतो, एवढे अभ्यासांत दिसून आले आहे. तेही काही कमी नाही. परंतु ही औषधाला जोड झाली, औषधाची जागा घेणारी गोष्ट नव्हे.

त्या गृहस्थांची गोळी पुन्हा सुरू केली. उठताना त्यांनी विचारले, "मग गाणं ऐकूच नको का?" मी म्हटले, "ऐका की! मी तर रोज ऐकतो. पण रोगासाठी नाही, गाण्यासाठी ऐका." तेव्हा मी काय ऐकतो आणि का, हे आज वाचकांना सांगावे म्हणतो. मी गाण्यातला जाणकार नाही. तीस वर्षे नाडी पाहणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. माझ्या आवडीच्या तीन ध्वनिमुद्रिकांची ही ओळख.

थकलेल्या माणसासाठी

माझे वैद्यकीय शिक्षण मिरजेला झाले. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. सतारमेकर गल्लीतून जाताना वाळत घातलेले भोपळे दिसत आणि कुणीतरी तार जुळवीत असलेले ऐकू येई. वसतिगृहात माझ्या खोलीतील मित्राकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि मोजून चार कॅसेट. त्यांतील एक 'कॉल ऑफ द व्हॅली'.

ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तेव्हा तिशीच्या आतबाहेरचे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्यांनी एकही शब्द न वापरता वाद्यांतून उभा केला आहे. आरंभी पहाटेचा अहिरभैरव, नंतर पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. सारा खेळ चाळीस मिनिटांच्या आसपासचा.

परीक्षेच्या दिवसांत रात्रपाळी करून आलो की डोळे मिटत पण झोप येत नसे. मित्र ही कॅसेट हळू आवाजात लावी. तिच्यात घाई कुठेच नाही. एक वाद्य बोलते, दुसरे थांबून ऐकते आणि मग उत्तर देते. पुढे दवाखाना सुरू केल्यावर मला याचे मोल कळले. दिवसभरात साठ-सत्तर रोगी तपासले की डॉक्टर रोग्याचे वाक्य मध्येच तोडू लागतो. मीही तोडतो. अशा दिवशी घरी गेल्यावर मी ही ध्वनिमुद्रिका लावतो. ज्यांना शास्त्रीय संगीत 'कळत नाही' असे वाटते, त्यांनी येथूनच सुरुवात करावी. कळण्याची अट तिने घातलेलीच नाही.

खचलेल्या माणसासाठी

काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणारे एक बुवा माझ्याकडे आले. भजनी मंडळात त्यांचा आवाज पहिला. दीड महिना खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले. थुंकी तपासली, क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांची औषधे सुरू झाली. मी त्यांना बजावले, "बुवा, पहिले काही आठवडे मंदिरात गायचे नाही. मोठ्याने गाताना श्वासाबरोबर जंतूही बाहेर पडतात. योग्य औषधांनी हा धोका काही आठवड्यांत बराच कमी होतो. मग मी सांगेन."

दोन महिन्यांनी खोकला थांबला, वजन वाढले आणि तिसऱ्या महिन्यात बुवांनी गोळ्या सोडल्या! घरच्यांनी मला सांगितले. बुवांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "गोळ्या खाऊन तरी काय साधायचं डॉक्टरसाहेब? वरचा सा लावायला गेलो की दम तुटतो. आवाज गेला तो गेलाच."

त्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात बसवून 'त्रिवेणी' ऐकवली. कबीर, सूरदास आणि मीरा यांची पदे, गायक कुमार गंधर्व. बुवांनी कुमारांची भजने ऐकलेली होती, पण त्यांच्या आजाराची हकीकत ठाऊक नव्हती. ती मी सांगितली.

कुमार गंधर्व लहान वयातच नावारूपाला आले होते. ऐन पंचविशीच्या आत, १९४७ च्या सुमारास, त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये मध्य भारतातील देवासला राहायला गेले. गाणे जिवावर बेतेल असे डॉक्टरांनी सांगितले होते. पाच-सहा वर्षे हा गायक गायला नाही. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांनी माळव्यातील लोकगीते ऐकली, त्यांवर विचार केला. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला होता. ते १९५२ च्या सुमारास त्यांना मिळाले आणि ते उठले. एक फुप्फुस मात्र कायमचे दुबळे झाले. १९५३ पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत गात राहिले.

'त्रिवेणी' ऐकताना त्यांचा श्वास ऐका. स्वर टोकदार येतो, झटकन थांबतो, थोडी शांतता राहते आणि पुढचा स्वर नेमक्या जागी पडतो. ही त्यांची शैली आजारातून आली की विचारातून, यावर जाणकार बोलोत. मला एवढेच कळते की दम कमी असलेल्या माणसाने त्या शांततेचेही गाणे केले आहे.

मी बुवांना म्हटले, "ज्या औषधासाठी त्यांना चार-पाच वर्षे वाट पाहावी लागली, तसली औषधे तुमच्या उशाशी फुकट पडून आहेत आणि तुम्ही ती टाकता?" बुवा काही बोलले नाहीत. ध्वनिमुद्रिका संपेपर्यंत बसले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा केंद्रावर जाऊन तपासणी करून घेतली आणि उपचार पुरे केले. पुढच्या आषाढीला मंदिरात त्यांचे भजन ऐकले. आवाज पूर्वीइतका चढला नाही. नंतर मला म्हणाले, "आता ओळ दोन श्वासांत तोडतो. अर्थ जास्त कळतो."

वाणी गेलेल्या माणसासाठी

तिसरी गोष्ट माझ्या घरची आहे. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. २००९ साली एका सकाळी त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात पडला. मी बाहेरगावी शिबिरात होतो. घरच्यांनी त्यांना कांदा हुंगवला, साखरपाणी दिले आणि माझी वाट पाहिली. मोलाचे तास गेले. डॉक्टरच्या घरात हे घडले, म्हणूनच लिहितो: तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांतील काहीही अचानक दिसले तर कुणाचीही वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

अण्णा वाचले, पण वाणी गेली. समजे सगळे. बोलायला जात आणि प्रत्येक गोष्टीला एकच शब्द बाहेर येई, "उद्या". पाणी हवे तरी "उद्या". चिडून ते भिंतीवर डावा हात आपटीत. जन्मभर मुलांना शुद्ध बोलायला शिकवलेला माणूस!

एका संध्याकाळी आईने सहज 'गीतरामायण' लावले. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही मालिका, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली. अण्णांचे बालपण त्यांवर गेलेले. आमच्याकडे होता तो बाबूजींच्या स्वतःच्या आवाजातील संच. तिसरे गाणे सुरू झाले आणि अण्णा ओळीचा शेवटचा शब्द गायले. स्पष्ट, ऱ्हस्व-दीर्घासकट. आई हातातले ताट घेऊन तशीच उभी राहिली.

हा चमत्कार नव्हता. बहुतेकांत बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. गाण्यासाठी मात्र उजवा भागही मोठ्या प्रमाणात काम करतो. त्यामुळे बोलू न शकणारे काही रुग्ण गाऊ शकतात. वाचा-उपचारतज्ज्ञ याचा उपयोगही करून घेतात. आमच्या तज्ज्ञ बाईंनी सांगितले, रोजची वाक्ये चालीवर म्हणा. मग आई चालीवर विचारू लागली, "चहा हवा का?" आणि अण्णा चालीवर उत्तर देत, "अर्धा कप."

पूर्ण बोलणे परत आले नाही. ते पुढे चार वर्षे जगले. माझे नाव त्यांना शेवटपर्यंत फक्त सुरातच घेता आले.

'गीतरामायण' ऐकावे ते बाबूजींच्या उच्चारांसाठी. सुरापायी शब्दाला कुठे धक्का लागत नाही. कथा ठाऊक असल्याने म्हाताऱ्या माणसाला मागे पडल्यासारखे वाटत नाही, आणि घरातील तीन पिढ्यांना ते एकत्र बसून ऐकता येते.

ऐकताना एवढे पाळा

१. एका वेळी एकच ध्वनिमुद्रिका, क्रमाने, बसून ऐका. मोबाइलवर गाणी उलटसुलट लागतात, ती सोय बंद करा.

२. शक्यतो लहान स्पीकर वापरा. कानात घालायचे यंत्र वापरलेच तर आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज वाढला की ही मर्यादा झपाट्याने कमी होते.

३. कानात सतत गुणगुण असेल किंवा घरचे "टीव्हीचा आवाज कमी करा" असे वारंवार म्हणत असतील, तर कान तपासून घ्या.

४. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा.

५. गाण्यासाठी कोणतीही गोळी बंद करू नका.

ते रक्तदाबाचे गृहस्थ काल पुन्हा आले होते. दाब १३८/८६. मोबाइल खिशातच होता. "डॉक्टरसाहेब, तो काश्मीरचा मेंढपाळ ऐकला," ते म्हणाले. "काय वाटले?" मी विचारले. "अर्ध्यात झोप लागली." मी म्हटले, "आज राहिलेला अर्धा ऐका. आणि गोळी?" त्यांनी खिशातून पाकीट काढून दाखवले.