तिरप्या अक्षराची कुळकथा

इंग्रजी पुस्तक वाचीत असता मध्येच एखादा शब्द उजवीकडे कललेल्या, नाजूक अक्षरांत छापलेला आढळतो. या अक्षराला इटॅलिक म्हणतात, म्हणजे इटलीकडचे. ते नुसते तिरपे केलेले अक्षर आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. उभ्या रोमन टाइपातील ‘ए’ दोन मजली असतो, इटॅलिकमध्ये तो एकाच गोलाईचा होतो. ‘एफ्’ ओळीच्या खाली पाय सोडतो. अक्षरांच्या टोकांशी ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्यांच्या जागी लेखणी टेकताना व उचलताना उमटणारे लहानसे फराटे येतात. सारांश, उभा टाइप हा शिळेवरच्या व पोथीतल्या अक्षराचा वंशज, तर इटॅलिक हा धावत्या हस्ताक्षराचा.

ते हस्ताक्षर पंधराव्या शतकातील इटालियन विद्वानांचे. फ्लॉरेन्सचे निक्कोलो निक्कोली हे प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या नकला करीत. काम झपाट्याने व्हावे म्हणून त्यांनी किंचित कललेले, जोडून लिहिलेले वळण अंगी बाणविले. पुढे हेच वळण पोपच्या कचेरीतील लेखकांनीही उचलले. ते छापखान्यात आणले व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुटियुस याने. सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रांचा संग्रह त्याने १५०० साली छापला. त्यातील संतेच्या चित्रात, तिच्या हातातील पुस्तकावर व हृदयावर, या अक्षरांतले मोजके शब्द प्रथम उमटले. दुसऱ्याच वर्षी, १५०१ मध्ये, व्हर्जिलचे संपूर्ण काव्य इटॅलिकमध्ये निघाले. पुस्तक लहान, हातात मावेल असे, आणि टीकाभाष्याचा भार नसलेले. कागद वाचावा म्हणून आल्डुसने हे अक्षर काढले, असे वारंवार सांगितले जाते. मला ते पटत नाही. विद्वानाच्या स्वतःच्या वहीतले अक्षर छापील पानावर आणावे, हाच त्याचा मुख्य हेतू दिसतो. मोठी अक्षरे मात्र त्याने उभीच ठेविली होती.

पोलादी ठसे कोरले ते बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफो याने. आल्डुसने व्हर्जिलच्या आरंभी त्याची स्तुती छापली, हे खरे; परंतु १५०२ मध्ये व्हेनिसच्या सेनेटकडून या अक्षराचा दहा वर्षांचा मक्ता मिळाला, तो आल्डुसला. कारागीर निघून गेला आणि फानो येथील मुद्रक सोन्चिनो यास जाऊन मिळाला. श्रेय ग्रिफोचे आहे, असे सोन्चिनोने १५०३ मध्ये छापून प्रसिद्ध केले. इकडे लियॉंच्या मुद्रकांनी मक्त्याची पर्वा न करता नकला काढल्याच.

सौंदर्याच्या दृष्टीने मला अधिक मोह पडतो तो लुदोविको आर्रिगी याच्या अक्षराचा. हा पोपच्या कचेरीतील लेखक. याने सुलेखनाचा कित्ता छापला आणि १५२४ च्या सुमारास रोममध्ये स्वतःचे मुद्रण सुरू केले. त्याच्या अक्षरांचे वरखालचे दांडे लांब आणि ओळींमध्ये मोकळी हवा. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले; त्यानंतर आर्रिगीचा मागमूस लागत नाही. त्याचे अक्षर मात्र १९२५ साली अमेरिकन रचनाकार फ्रेडरिक वॉर्ड याने पुन्हा घडविले, आणि १९२९ मध्ये मोनोटाइप कंपनीने ते ब्रूस रॉजर्सच्या ‘सेन्टॉर’ या उभ्या टाइपास जोडीदार म्हणून दिले.

आरंभी सबंध पुस्तके इटॅलिकमध्ये निघत. पुढे त्याला दुय्यम, पण मोलाचे काम मिळाले: ग्रंथनामे, परभाषेतील शब्द, जहाजांची नावे, वनस्पती व प्राणी यांची शास्त्रीय नावे, आणि जोर द्यावयाचा शब्द. १५६० च्या जिनीव्हा बायबलात मुळात नसलेले, केवळ अर्थपूर्तीसाठी घातलेले शब्द इटॅलिकमध्ये आहेत. म्हणजे जोर देण्याच्या अगदी उलट! यावरून एक जुना विनोद आहे. वृद्ध संदेष्ट्याने मुलांना गाढवावर खोगीर घालण्यास सांगितले व त्यांनी ‘त्याच्यावर’ घातले, या वाक्यातील सर्वनाम इटॅलिकमध्ये. वाचकाने त्यावर जोर दिला, की खोगीर थेट म्हाताऱ्याच्या पाठीवर!

आपल्या देवनागरीत हे अक्षर का शोभत नाही? संगणकाची कळ दाबली की अक्षर तिरपे होते, पण ते केवळ ढकललेले बाळबोध असते. काने कलतात, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात आणि शिरोरेघ मात्र आडवीच राहते. त्यापेक्षा ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हे बरी, असे माझे मत आहे.

खरे पाहता आपले इटॅलिक आपल्या घरातच होते. बाळबोध हे पोथीचे अक्षर, तर मोडी हे दप्तराचे. आधी कागदभर रेघ ओढावयाची व मग लेखणी शक्यतो न उचलता शब्द लिहीत जावयाचे, ही तिची रीत. तिचेही खिळे पडले होते. सिरामपूरला विल्यम कॅरे यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी टाइपात निघाला. परंतु व्हेनिसमध्ये दोन्ही वळणे एकाच पानावर नांदली, तसे आपल्याकडे घडले नाही. छापखान्याने बाळबोध घेतले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. वडोदऱ्यासारख्या जुन्या संस्थानी दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल बांधलेले आहेत, आणि ते सोडून वाचू शकणारी माणसे थोडी उरली आहेत.