अवजड बांधकाम यंत्रांतील हायड्रॉलिक पंपाची चाचणी : तत्त्व, पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
रस्ते, कालवे, धरणे, विहिरी अशा कोणत्याही कामावर आज एक्स्कॅव्हेटर हे यंत्र अपरिहार्य झाले आहे. महाराष्ट्रात त्यास सर्रास ‘पोकलेन’ म्हटले जाते. हे नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून रूढ झाले. या यंत्राचे इंजिन बादली, दांडा वा साखळीपट्टा प्रत्यक्ष हलवीत नाही. ते पंप फिरविते, पंप तेल ढकलतो आणि ते तेल सिलिंडर व मोटर यांमार्फत काम करते. म्हणूनच यंत्र मंदावले की पहिला संशय पंपावर येतो. मुख्य पंप हा यंत्रातील अत्यंत महागड्या भागांपैकी एक असतो आणि बहुसंख्य यंत्रे कर्जाऊ घेतलेली असतात. ‘पंप गेला’ हे निदान मोजमापाविना केले गेले व नवा पंप बसवूनही दोष कायम राहिला, तर लहान कंत्राटदाराचे हप्ते थकतात. प्रस्तुत लेखात या निदानामागील तत्त्व, चाचणीच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

मूळ तत्त्व :
बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच संक्रमित होतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातील आहे. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा याने द्रवदाबयंत्राचे एकस्व घेऊन त्यास व्यावहारिक रूप दिले. तथापि या नियमामुळेच एक गैरसमज दृढ झालेला दिसतो, तो म्हणजे पंप दाब निर्माण करतो. वस्तुतः पंप केवळ प्रवाह निर्माण करतो. त्या प्रवाहाला भाराचा अडथळा झाला म्हणजे दाब वाढतो. चाचणीचे संपूर्ण शास्त्र या एका भेदावर उभे आहे.

सुमारे २० टनी एक्स्कॅव्हेटरमध्ये सामान्यतः दोन मुख्य पंप असतात. ते अक्षीय पिस्टन पंप या प्रकारचे असून तिरप्या तबकडीचा कोन बदलून त्यांचे विस्थापन कमी-अधिक करता येते. पिस्टन व त्याचे छिद्र, पिस्टनचा तळवा व तबकडी, सिलिंडर-खंड व झडप-पट्टी यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फटी असतात. या फटींतून झिरपणारे तेल पंपाच्या कवचात जमून वेगळ्या नळीने टाकीत परतते. झीज म्हणजे या फटींचे रुंदावणे होय. अरुंद फटीतील संथ प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच फट दुप्पट झाल्यास गळती आठपट होते. पंप वर्षानुवर्षे ठीक चालतो आणि नंतर थोड्याच अवधीत ढासळतो, याचे कारण बहुतांशी येथेच आहे.

हीच गळती दाबाच्या सम प्रमाणात व तेलाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असते. ४६ श्रेणीच्या सामान्य हायड्रॉलिक तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटीस्टोक असते. ८० अंशांना ती सुमारे पाव उरते. ‘यंत्र सकाळी चांगले चालते, दुपारी बसते’ ही चालकाची नेहमीची तक्रार असते. ती अडाणी समजून दुर्लक्षू नये. अंतर्गत गळतीचे ते अचूक वर्णन आहे. यावरून हेही स्पष्ट होते की तेलाच्या तापमानाची नोंद नसलेल्या चाचणीला अर्थ नाही.

चाचणीचे टप्पे :
१) प्राथमिक पाहणी : तेलाची पातळी, चोषण-नळीतील जाळी, गाळणी व इंजिनाचा वेग प्रथम तपासावा. गाळणी कापून पाहिल्यास पितळी रंगाचे कण आढळू शकतात. ते पंपातील झीज सुचवितात. चोषणाची बाजू तुंबली असल्यास निर्दोष पंपही आवाज करतो व कमी तेल देतो.

२) आवर्तन-काल : दांडा उचलणे, बादली मिटणे, वरचा भाग फिरणे या हालचालींना लागणारा वेळ घड्याळाने मोजून निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. एकच हालचाल मंद असेल, तर दोष बहुधा तिच्या झडपेत किंवा सिलिंडरच्या सीलमध्ये असतो. एका पंपावर अवलंबून असलेल्या सर्वच हालचाली मंद असतील, तर तो पंप संशयास्पद ठरतो. अशा वेळी दोन्ही पंपांच्या निर्गम-नळ्या आपसांत बदलून पाहता येतात. दोष दुसऱ्या बाजूस सरकला तर तो पंपाकडे आहे. न सरकल्यास पुढील झडपांत आहे.

३) दाब-चाचणी : दाबमापी जोडून सिलिंडर टोकास नेतात व दाब पाहतात. ही चाचणी सर्वाधिक प्रचलित असली तरी तीवरून पंपाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सिलिंडर टोकास थांबला असता दाब टिकविण्यास अल्प प्रवाह पुरतो; त्यामुळे झिजलेला पंपही पूर्ण दाब दाखवू शकतो. उलट, सुरक्षा-झडप सैल झाली असल्यास नवा पंपही कमी दाब दाखवील.

४) प्रवाह-चाचणी : पंप व मुख्य झडप यांच्यामध्ये प्रवाहमापी व भार-झडप बसवून, दाब टप्प्याटप्प्याने वाढवीत प्रवाह, दाब, वेग व तापमान यांची एकत्रित नोंद करावी.

५) कवच-गळतीचे मापन : ठरावीक दाबाला कवचातून परतणारे तेल ठरावीक काळ मोजावे. प्रवाहातील घट व ही गळती परस्परांशी जुळत असतील, तर निदान पक्के मानता येते.

एक उदाहरण :
समजा, पंपाचे विस्थापन प्रतिफेरा ११० घनसेंटीमीटर असून भार नसताना वेग मिनिटास १८०० फेरे आहे. सैद्धांतिक प्रवाह १९८ लिटर प्रतिमिनिट होतो. २०० बार दाबाला १६१ लिटर मिळाले. घाईने भागाकार केल्यास आकारमानी कार्यक्षमता ८१ टक्के दिसते. परंतु भाराखाली इंजिनाचा वेग १७२० पर्यंत उतरला असेल, तर अपेक्षित प्रवाह १८९.२ लिटर आणि कार्यक्षमता ८५ टक्के ठरते. म्हणजे चार टक्क्यांचा दोष पंपाचा नसून इंजिनाच्या वेगाचा होता. उरलेल्या २८.२ लिटर गळतीत दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास ६०० ने भागल्यावर येणारी ९.४ किलोवॅट शक्ती उष्णता होऊन तेलात जाते. तेल तापते, श्यानता घटते, गळती आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

येथे एक महत्त्वाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. वरील गणितात पंप पूर्ण विस्थापनावर आहे असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात इंजिन बंद पडू नये म्हणून नियामक यंत्रणा दाब वाढताच विस्थापन स्वतःहून कमी करते. ही घट झिजेची नसून रचनेची असते. तेव्हा मोजलेला प्रवाह निर्मात्याच्या दाब-प्रवाह आलेखाशीच ताडला पाहिजे. प्रयोगशाळेतील स्थिर अवस्थेतील चाचणीसाठी आयएसओ ४४०९ हे मानक आहे. यंत्रावरील चाचणीत तितकी अचूकता नसते. तेथे पंपाला लागणारे आघूर्ण सहसा मोजता येत नसल्याने एकूण कार्यक्षमता न मिळता केवळ आकारमानी कार्यक्षमता मिळते.

सुरक्षितता :
प्रवाहमापी मुख्य सुरक्षा-झडपेच्या अलीकडे जोडला जातो. भार-झडप पूर्ण बंद झाल्यास तेलाला वाट उरत नाही व पंप किंवा नळी फुटू शकते. म्हणून आरंभी ती पूर्ण उघडी असावी. नळी सोडण्यापूर्वी बादली जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून अडकलेला दाब मोकळा करावा. बारीक गळती हाताने कधीही चाचपू नये, पुठ्ठा वापरावा. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. विलंब झाल्यास बोट वा हात गमवावा लागू शकतो.

समारोप :
उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, दाबमापीचा एकच आकडा पंपाविरुद्ध किंवा पंपाच्या बाजूने पुरेसा पुरावा ठरत नाही. प्रवाह, दाब, वेग व तापमान या चार राशी एकत्र नोंदविल्या तरच निदान विश्वसनीय होते. यासाठी लागणारे गणित पदवीच्या प्रथम वर्षाच्या पलीकडचे नाही. महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी प्रात्यक्षिकांत केवळ नवा पंप न ठेवता झिजलेला पंपही चाचणीस ठेवावा आणि ‘पंप बदलावा की नाही’ याचा लेखी, सकारण निर्णय विद्यार्थ्यांकडून घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. कार्यस्थळी त्याच्यापुढे नेमका हाच प्रश्न येणार आहे, आणि त्याच्या उत्तरावर दुसऱ्या कोणाची तरी मिळकत अवलंबून असणार आहे.