सोनं लुटायचं म्हणजे चोरी?

यंदा दसऱ्याला पुतणीनं विचारलं, ‘काका, सोनं लुटायचं म्हणजे चोरीच ना?’ शाळेतल्या इंग्रजीमुळे तिला ‘लूट’ क्रियापदाचा तेवढाच अर्थ ठाऊक. खरं तर इंग्रजीत ते गेलं इथूनच. संस्कृत ‘लुण्ट्’, त्यावरून आपलं ‘लुटणे’, हिंदी ‘लूटना’; अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या इंग्रजांनी हिंदीतून ते उचललं. (२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला त्यांनी होळकरांना हरवलं. त्या युद्धातल्या स्वतःच्या लुटीला मात्र ‘प्राइझ मनी’ असं सभ्य नाव!) तिकडे नुसता दरोडाच पोचला. आपण मजाही लुटतो, बोरन्हाणात पोरं बोरं लुटतात. संक्रांतीला तर इंदूरच्या घराघरांत बायका वाण ‘लुटतात’, म्हणजे चक्क वाटतात. पुतणीला म्हटलं, ‘जानेवारीत हळदीकुंकवाला आजीजवळ बस, लुटणारीच कशी देते ते बघ.’